सूर्यावरचं वादळ आणि मोबाइलवरचा निरोप



मागच्या महिन्यात आम्ही गटाच्या बैठकीला बसलो होतो. हप्त्याचे पैसे मोजून झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, आणि तेवढ्यात एकीच्या मोबाइलवर निरोप आला. आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळात आकाशातून घातक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाइल बंद ठेवा, उशाशी घेऊन झोपू नका, ही बातमी 'नासा'ने दिली आहे, सगळ्यांना कळवा. पाच मिनिटांत तो निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. एकीने तर लेकीच्या सासरीही पाठवला.

आमच्यातल्या एका मावशींकडे साधा बटणांचा फोन आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "आज रात्री म्हणजे कोणत्या रात्री? तारीख कुठाय?"

तारीख नव्हतीच. हा निरोप गेली कित्येक वर्षं जगभर फिरतोय. ज्या दिवशी वाचाल तो 'आज'. त्या रात्री काही होत नाही, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा येतो.

त्या बैठकीतूनच आजचं हे बोलणं निघालं. निरोप खोटा, पण सूर्यावर वादळं होतात ही गोष्ट खरी आहे. त्या वादळांनी माणसांचं नुकसानही केलेलं आहे. मग खरं काय आणि खोटं काय, हे आपल्याला कुणी नीट का सांगत नाही? म्हणून आम्ही ठरवलं, की या वादळांचा आणि त्यांच्या बातम्यांचा इतिहास आज सांगायचा.

आधी वादळ म्हणजे काय ते पाहू. सौर म्हटलं की आपल्याला सौर पंप आठवतो, सौर दिवा आठवतो. सौर वादळ म्हणजे उन्हाचा तडाखा नव्हे. त्याने ऊन वाढत नाही की पाऊस येत नाही. सूर्य हा धगधगत्या, वीजभारित वायूचा गोळा आहे. त्याच्यावर अधूनमधून काळे डाग दिसतात. साधारण अकरा वर्षांत हे डाग वाढतात आणि पुन्हा कमी होतात. डागांच्या जागी चुंबकी ताण साठतो. दोरीला पीळ देत राहिलं की ती एकदम उसळते, तसा तो ताण सुटतो. मग प्रकाशाचा झोत निघतो, तो आठ मिनिटांत आपल्यापर्यंत येतो. कधीकधी त्याच्यामागून वीजभारित वायूचा लोटही सुटतो. त्याला यायला कधी पंधरा-सतरा तास लागतात, कधी दोन-तीन दिवस.

आपली पृथ्वी स्वतः एक मोठं चुंबक आहे. हा लोट येऊन आदळला की पृथ्वीचं चुंबकत्व हलतं. सायकलचा डायनमो आठवा. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरलं की दिवा लागतो. इथंही तसंच होतं, फक्त चुंबक पृथ्वीएवढं आणि तारा शेकडो किलोमीटरच्या. त्या लांब तारांमध्ये आपोआप वीज वाहू लागते. आपल्या घरातली तार काही हातांची, तिला काही होत नाही. धोका असतो तो लांबच लांब तारांना.

म्हणूनच, जगात लांब तारा आल्या तेव्हा या वादळांचा त्रास पहिल्यांदा लक्षात आला. त्याआधीही वादळं येतच असणार. पण तेव्हा माणसांना फक्त आकाशातला लाल-हिरवा उजेड दिसायचा. ध्रुवांकडच्या देशांत तो नेहमी दिसतो, त्याला ध्रुवीय प्रकाश म्हणतात. मोठं वादळ असेल तर तो खाली आपल्या बाजूलाही सरकतो.

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचे एक गृहस्थ दुर्बिणीतून पडद्यावर सूर्याची प्रतिमा पाडून डागांचं चित्र काढत होते. दुपार व्हायच्या आत, अकरा वाजून अठरा मिनिटांनी, डागांवर अचानक दोन झगझगीत ठिपके चमकले आणि काही मिनिटांत विझले. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही तेच पाहिलं. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ येऊन धडकलं. क्यूबा, हवाई अशा उष्ण बेटांवरही आकाश लाल झालं. अमेरिकेतल्या रॉकी डोंगरात सोन्याच्या खाणीत काम करणारे मजूर उजेडाने उठले आणि पहाट झाली असं समजून नाश्त्याच्या तयारीला लागले.

तेव्हा तारायंत्र नवंनवं आलं होतं. तारांमध्ये नको तेवढी वीज शिरली, यंत्रांतून ठिणग्या उडाल्या, कामगारांना झटके बसले. बोस्टन आणि पोर्टलंड इथल्या दोन तारवाल्यांनी तर वेगळाच अनुभव घेतला. त्यांनी आपापल्या बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि आकाशातून तारेत आलेल्या विजेवरच बराच वेळ एकमेकांशी बोलले.

वर्तमानपत्रांनी हे सगळं छापलं. उजेड किती सुंदर, लोक कसे रस्त्यावर जमले, रात्री पेपर कसा वाचता आला, हे रकानेच्या रकाने भरून आलं. इलियास लूमिस नावाच्या प्राध्यापकांनी ठिकठिकाणच्या लोकांचे अनुभव जमवून पुढे शास्त्रीय मासिकात छापले, म्हणून ते आज आपल्याला वाचायला मिळतात. पण सूर्यावरची ती चमक आणि पृथ्वीवरचं हे वादळ यांचा संबंध आहे का, यावर कॅरिंग्टन यांनी सबुरीने घेतलं. एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये, असं त्यांचं म्हणणं. मैत्रिणींनो, ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते थांबले. आपण मात्र न पाहिलेला निरोप पाच मिनिटांत पुढे ढकलतो.

आता यातला आपल्या मातीतला भाग ऐका. मुंबईत कुलाब्याला वेधशाळा होती. १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवली जायची. आजच्यासारखं आपोआप चालणारं यंत्र नव्हतं. माणसाने जाऊन सुई कुठं आहे ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. दर तासाला. रात्र असो, पाऊस असो. सुई जास्त हलायला लागली तर तासाची वाट न पाहता मधल्या मिनिटांतही लिहायचं. २ सप्टेंबर १८५९ ला मुंबईत सकाळचे अकरा वाजायच्या सुमाराला ती सुई एकदम घसरली. सोळाशे नॅनोटेस्ला एवढी घसरण. नॅनोटेस्ला हे चुंबकत्व मोजायचं माप. एरवीच्या वादळात ही घसरण शंभर-दोनशेच्या घरात असते, यावरून ओळखा. मुंबईत तेव्हा लख्ख दिवस होता. आकाशात बघण्यासारखं काही नव्हतं. रस्त्यावरच्या माणसाला काही कळलंही नसेल. कळलं ते फक्त वहीत लिहिणाऱ्याला.

ते आकडे अनेक वर्षं जुन्या नोंदींमध्ये पडून राहिले. २००३ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी ते बाहेर काढून मांडले, तेव्हा जगाला कळलं की त्या महावादळाची एक फार मोलाची मोजणी आपल्या मुंबईत झालेली आहे. ज्यांनी ते आकडे लिहिले त्यांची नावं आज कुणी घेत नाही. पण त्यांची वही बोलली.

तेरा वर्षांनी आणखी एक मोठं वादळ आलं. ४ फेब्रुवारी १८७२. त्या रात्री मुंबईच्या आकाशातही ध्रुवीय प्रकाश दिसला. आपल्या मुंबईत! 'टाइम्स ऑफ इंडिया'ने दोन दिवसांनी त्याची बातमी छापली. मुंबईहून एडनला समुद्रातून जाणाऱ्या तारेवरचं काम काही तास विस्कळीत झालं, हेही नोंदलं गेलं. म्हणजे हे सगळं फक्त बर्फाळ देशांत होतं, आपला काही संबंध नाही, असंही म्हणता येत नाही. आपल्याकडे धोका कमी आहे, पण नाहीच असं नाही.

पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या तारांनी चुंबकसुई बिघडणार. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकत्वाची मोजणी खाडीपलीकडे अलिबागला हलवली. १९०४ मध्ये अलिबागला काम सुरू झालं. पण जुनी वही एकदम बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांशी नवे आकडे जुळवता येतील. अलिबागची ती वेधशाळा आजही चालू आहे. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे तिचं काम आहे. समुद्र बघायला अलिबागला जाणाऱ्या किती जणींना हे ठाऊक आहे? आम्हालाही नव्हतं.

आता एका बाईची गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. तिचं नाव ॲनी मॉन्डर. माहेरचं नाव ॲनी रसेल, मूळची आयर्लंडची. केंब्रिजला गणित शिकली, परीक्षा पास झाली, पण बायकांना पदवी द्यायची नाही असा तेव्हा तिथला नियम. १८९१ मध्ये ती ग्रिनिचच्या वेधशाळेत लागली. काम काय, तर सूर्याचे रोजचे फोटो घ्यायचे, डाग मोजायचे, हिशोब करायचा. पगार तुटपुंजा. १८९५ मध्ये तिने तिथलेच शास्त्रज्ञ वॉल्टर मॉन्डर यांच्याशी लग्न केलं आणि नोकरी सोडावी लागली, कारण लग्न झालेल्या बाईला नोकरीत ठेवायचं नाही, हाही नियमच.

नोकरी गेली, पण तिने सूर्य सोडला नाही. २२ जानेवारी १८९८ ला आपल्याकडे खग्रास सूर्यग्रहण होतं. ते बघायला आणि टिपायला देशोदेशींची माणसं महाराष्ट्रात आली होती. पुण्याच्या वेधशाळेच्या नायगमवाला यांचा तळ सोलापूर जिल्ह्यात जेऊरला होता. मॉन्डर नवरा-बायकोंचा तळ वऱ्हाडात तळणी या गावी होता. तिथं ॲनीबाईंनी आपल्या कॅमेऱ्याने सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचा फोटो घेतला. त्यात सूर्यापासून कितीतरी लांब निघालेला एक किरण स्पष्ट उमटला. तोवर इतका लांब किरण फोटोत कुणाला मिळाला नव्हता.

पुढे १९०४ मध्ये वॉल्टर मॉन्डर यांनी जुन्या नोंदी तपासून दाखवलं, की पृथ्वीवरची चुंबकी वादळं बऱ्याचदा सत्तावीस दिवसांनी परत येतात, आणि सूर्यही पृथ्वीवरून पाहताना साधारण तेवढ्याच दिवसांत स्वतःभोवती एक फेरी मारताना दिसतो. म्हणजे वादळ सूर्याच्या ठरावीक भागातूनच, झोतासारखं निघत असणार. तळणीला घेतलेला तो फोटो या विचाराला धरून होता. त्या काळच्या कितीतरी कामावर नाव नवऱ्याचं छापलं गेलं, कष्ट दोघांचे होते. इंग्लंडच्या खगोल संस्थेने ॲनीबाईंना सभासद करून घेतलं ते १९१६ मध्ये. ज्या सातबारावर आपलं नाव लागायला आपल्याला इतकी वर्षं लागली, त्या आपल्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

विसाव्या शतकात तारा वाढल्या, तसा त्रासही वाढला. १९२१ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क भागात रेल्वेचं काम अडलं आणि स्वीडनमध्ये कार्लस्टाडचं टेलिफोन केंद्र आगीत जळालं. १९३८ च्या जानेवारीत युरोपभर आकाश इतकं लालभडक झालं, की इंग्लंडमध्ये विंडसरचा राजवाडा पेटला असं वाटून आगीचे बंब बोलावले गेले. युद्धाची चाहूल लागलेली होती, त्यामुळे कित्येकांनी तो अशुभ संकेत मानला. जे कळत नाही त्याला माणूस आधी भितो आणि मग त्याचा अर्थ लावतो. हे फक्त आपल्या खेड्यांत होतं असं समजू नका.

आपल्या थोरल्या बायकांना १९७९ सालचं स्कायलॅब आठवत असेल. अमेरिकेने १९७३ मध्ये सोडलेली ती अवकाशातली प्रयोगशाळा, काही टनांचं धूड, खाली पडणार होती. कुठे पडेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. रेडिओवर, पेपरात रोज त्याचीच चर्चा. आमच्यातल्या एका आजी सांगतात, की त्या दिवसांत त्यांच्या गावात लोक शेतावर जाईनात. एकाने पाळलेली कोंबडी कापून खाल्ली, म्हणे मरायचंच आहे तर उपाशी का मरा. ११ जुलै १९७९ ला ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडली. कुणाला खरचटलंही नाही. तिथल्या एस्परन्स नावाच्या गावाने अमेरिकेला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड लावला!

पण ती अपेक्षेपेक्षा लवकर का पडली, हे तेव्हा आपल्याला कितीसं सांगितलं गेलं? त्या वर्षांत सूर्य अंदाजापेक्षा जास्त खवळलेला होता. त्याने पृथ्वीच्या हवेचा वरचा थर तापला आणि फुगला. त्या हवेला घासून स्कायलॅबचा वेग कमी झाला आणि ती खाली आली. २०२२ च्या फेब्रुवारीतही असंच घडलं. इंटरनेटसाठी एका अमेरिकी कंपनीने सोडलेल्या एकोणपन्नास नव्या उपग्रहांपैकी सुमारे चाळीस उपग्रह एका साध्या, छोट्या सौर वादळाने गमावले. १९७९ मध्ये भीतीची बातमी गावागावांत पोचली. सूर्याची बातमी मात्र वाटेतच राहिली.

त्यानंतरचं मोठं वादळ कॅनडातलं. १३ मार्च १९८९, पहाटे पावणेतीनची वेळ, बाहेर कडाक्याची थंडी. क्वेबेक प्रांतातली वीज नव्वद सेकंदांत गेली. तिथल्या विजेच्या तारा फार लांबच्या, आणि खाली खडक असा, की त्यातून वीज सहज वाहत नाही. त्यामुळे ती तारांतून वाहिली. साठ लाख माणसं नऊ तास अंधारात राहिली. लिफ्ट बंद, भुयारी रेल्वे बंद, शाळा बंद. मग तिथल्या वीज कंपनीने खर्च करून यंत्रणा सुधारली. जगभरच्या वीजवाल्यांचे डोळे त्या दिवशी उघडले. मैत्रिणींनो, आपल्याकडे नऊ तास वीज नसणं ही काही बातमी नव्हे, हे ऐकून तुम्ही हसाल. पण आपली वीज जाते ती डीपी जळाला म्हणून किंवा भारनियमन म्हणून. तिथं एकाच क्षणी अख्खा प्रांत बंद पडला आणि कारण होतं पंधरा कोटी किलोमीटर लांब.

आणि आता २०१२. हे वर्ष आम्हाला सगळ्यात जास्त शिकवून जातं. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी २१ डिसेंबरला जग बुडणार अशी हूल उठली होती. कुणा जुन्या संस्कृतीच्या कालगणनेचा हवाला होता. त्यावर आधी सिनेमाही निघाला होता, आणि त्यात सूर्याच्या ज्वालांनी पृथ्वी उलथते असं दाखवलं होतं. टीव्हीवर तासन्‌तास चर्चा झाल्या. शास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं की असं काही होणार नाही. २१ डिसेंबर आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण नेहमीसारखं पाणी भरलं.

पण त्याच वर्षी २३ जुलैला सूर्यावरून खरोखरच एक प्रचंड लोट सुटला होता. १८५९ च्या वादळाच्या तोडीचा. तो पृथ्वीच्या वाटेवर आला नाही, बाजूने निघून गेला. त्या बाजूला असलेल्या 'स्टिरिओ' नावाच्या यानाने तो मोजला. सूर्याचा तोच भाग आपल्याकडे होता त्याला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. हाच लोट आठवडाभर आधी सुटला असता तर सरळ आपल्यावर आला असता. त्या दिवशी टीव्हीवर काय होतं? काहीच नाही. सर्वसाधारण लोकांपर्यंत ती बातमी पोचली ती दोन वर्षांनी, २०१४ मध्ये. खोट्या प्रलयाला महिनोन्‌महिने वेळ मिळाला, खऱ्या वादळाला दोन वर्षं उशीर झाला.

तेच पुन्हा २०२३ मध्ये झालं. भारतीय वंशाच्या संगणकशास्त्रज्ञ संगीता अब्दु ज्योती यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास मांडला होता. फार मोठं सौर वादळ आलं तर समुद्राखालून जाणाऱ्या इंटरनेटच्या तारांचं काय होईल, असा तो प्रश्न. धोका उत्तरेकडच्या देशांना जास्त, विषुववृत्ताजवळच्यांना कमी, असंही त्यात होतं. हेतू हा, की आधीच तयारी करावी. पण त्याच्या मथळ्यातला प्रलय हा शब्द तेवढा लोकांनी उचलला. दोन वर्षांनी मोबाइलवर फिरू लागलं, की इंटरनेट कित्येक महिने बंद पडणार आणि हे 'नासा'ने सांगितलं आहे. 'नासा'ने असा इशारा दिलाच नव्हता. तयारीचा सल्ला बाजूला राहिला आणि भीती तेवढी पुढे गेली.

मग १० मे २०२४ ला खरोखर मोठं वादळ आलं. २००३ नंतरचं सगळ्यात मोठं. लडाखमध्ये हानले इथं आकाश लाल झालं, त्याचे फोटो आपल्याही पेपरांत आले. पण आमच्या मनात राहिली ती दुसरी बातमी. अमेरिकेत तेव्हा मक्याच्या पेरणीचे दिवस होते. तिथले मोठे ट्रॅक्टर उपग्रहाच्या इशाऱ्यावर सरळ तास धरतात. वादळाने तो इशारा चुकू लागला. पेरणीच्या ऐन घाईत कित्येक शेतकऱ्यांना ट्रॅक्टर उभे करून ठेवावे लागले. वाफसा थांबत नाही, हे आपल्याला सांगायला नको. वीजयंत्रणा मात्र बहुतेक ठिकाणी तग धरून राहिली, कारण इशारा आधी मिळाला होता आणि वीजवाले सावध होते. एकशे पासष्ट वर्षांत एवढा फरक पडला.

तो इशारा मिळावा म्हणून आता आपल्या देशाचंही यान तिथं आहे. 'आदित्य एल-१' २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोटाहून निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला, आपल्या जागी पोचलं. त्यावरची सूर्याचे फोटो घेणारी एक दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेच्या पुढाकाराने बनली आहे. लोट सूर्यावरून सुटताना दिसला तर एक-दोन दिवसांची सवड मिळते. तो या यानांपाशी पोचला की पुढे पृथ्वीला लागायला पंधरा मिनिटं ते तासभर. म्हणजे पहारेकरी वेशीवर उभा आहे. त्याची हाक घराघरात नीट पोचवणं हे बातम्या देणाऱ्यांचं काम आहे, आणि ती नीट ऐकणं हे आपलं.

तर आपण यातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट. सौर वादळाने जमिनीवर राहणाऱ्या माणसाच्या अंगाला इजा होत नाही. वरची हवा आणि पृथ्वीचं चुंबकत्व आपल्याला पांघरुणासारखं झाकून आहे. गरोदर बाईने, लहान मुलाने घाबरायचं कारण नाही. अन्न झाकून, दारं लावून बसायची गरज नाही. मोबाइल उशाशी ठेवल्याने हे किरण अंगात शिरत नाहीत. रात्री मोबाइल लांब ठेवून झोपलात तर झोप चांगली लागेल, ते वेगळं.

दुसरी गोष्ट. मोठं वादळ आलं तर बिघडू शकतात त्या आपल्या सोयी: उपग्रहाची कामं, दिशा दाखवणारे नकाशे, लांबच्या पल्ल्याची रेडिओयंत्रणा, आणि फारच मोठं असेल तर वीज. वीज गेली की पाण्याची मोटर बंद, मोबाइलचा मनोरा बंद, रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र बंद, मोबाइलवरून पैसे देणं बंद. हे आपल्याला नवीन नाही. पुरात, चक्रीवादळात हेच होतं. म्हणून तयारीही वेगळी नको. दोन दिवसांचं पिण्याचं पाणी, चार दिवसांचा शिधा, बॅटरी, घरात थोडी रोकड, बीपी-साखरेच्या गोळ्या संपत आल्यावर नव्हे तर आधीच आणलेल्या. गटाचा हिशोब मोबाइलमध्ये असला तरी वहीतही लिहिलेला. एवढं केलं की सूर्याचं वादळ असो की समुद्राचं, दोन्हीला पुरतं.

तिसरी गोष्ट. आपल्या जिवाला खरा धोका असलेलं आकाश वेगळं आहे. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात शेतात पडणारी वीज दरवर्षी माणसं नेते. तिच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. न येणाऱ्या किरणांना भिऊन मोबाइल बंद करायचा आणि खऱ्या विजेचा इशारा चुकवायचा, हा सौदा आतबट्ट्याचा आहे. दररोज लांडगा आला म्हणणाऱ्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. खोटे निरोप तेच करतात. खरा इशारा येईल त्या दिवशी आपला विश्वासच उरलेला नसतो.

म्हणून आमच्या गटाने एक ठराव केला आहे. असा निरोप आला की तीन प्रश्न विचारायचे. तारीख आहे का? कोणत्या कार्यालयाने सांगितलं, त्याचं नाव आहे का, आणि त्या कार्यालयाने ते खरंच म्हटलं आहे का? मी काय करावं हे सांगितलं आहे, की फक्त घाबरवलं आहे? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर निरोप आपल्यापाशीच थांबवायचा. पहिला प्रश्न मावशींचा आहे, हे ठरावात नावासकट लिहिलं आहे.

आणि ठराव वहीत लिहिला आहे, तारीख घालून. कुलाब्याच्या त्या न दिसणाऱ्या माणसाने भर पावसाळ्यात, काही विशेष घडतंय याची खात्री नसताना, सुई कुठं आहे ते लिहून ठेवलं. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी जगाला त्याचा उपयोग झाला. आपल्या गटाच्या वह्यांनाही लोक कधीकधी हसतात, की कशाला एवढं लिहिता. लिहीत राहा. कोणत्या दिवशी वीज गेली, कोणत्या दिवशी विहिरीचं पाणी किती खाली होतं, कोणता निरोप कधी आला आणि खोटा निघाला, सगळं लिहा.

पुढच्या बैठकीत हे बोलणं वाचून दाखवा. साधा फोन असलेल्या बाईला आधी बोलू द्या. आणि तुमच्या गावात स्कायलॅबच्या दिवसांत काय झालं होतं, ते थोरल्या बायकांना विचारून आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या एखाद्या भागात आम्ही ते तुमच्या नावाने ऐकवू.